सुटीतला ओला बर्फ: बेळगाव सीमाभागातील नवशिक्यांसाठी स्कीइंगचे मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील कुटुंब हिमालयात जाते ते सहसा मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर. कर्नाटकातील दहावीची परीक्षा अलीकडच्या वर्षांत मार्चच्या उत्तरार्धात सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते, नोकरदारांना मार्चअखेरचे हिशेब उरकल्याखेरीज रजा मिळत नाही, आणि म्हणून आपल्याकडच्या बहुतेक नवशिक्यांच्या पायाखाली जो पहिला बर्फ येतो तो जानेवारीतला कोरडा, भुसभुशीत बर्फ नसून उन्हाने ओलसर झालेला, दिवसातून तीनदा रूप बदलणारा वसंतातला बर्फ असतो. स्कीइंगची प्राथमिक माहिती देणारे लेख आणि चित्रफिती मात्र बहुधा थंडीतला बर्फ डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांतील सूचना चुकीच्या नसतात. पण त्या जशाच्या तशा पाळल्या तर एप्रिलमध्ये पाय अडखळतो आणि दोष आपलाच आहे असा नवशिक्याचा समज होतो. प्रस्तुत लेख त्या एका ऋतूपुरता आहे.

आरंभीच एक मत नोंदवतो. हा बर्फ नवशिक्याला प्रतिकूल नाही. योग्य वेळ साधली तर तो मऊ असतो, वेग आवाक्यात ठेवतो आणि पडल्यावर फारसे लागू देत नाही. ती योग्य वेळ मात्र दिवसातून जेमतेम दोन-अडीच तासांची असते, आणि ती ओळखणे हा येथील तंत्राचाच भाग आहे.

बर्फाचे वेळापत्रक समजून घेणे

दिवसा ऊन लागले की वरच्या थरातील हिमकणांचे टोकदार कोपरे वितळतात आणि कणांमधल्या फटींत पाणी साचते. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने थेट आकाशाकडे टाकत राहतो; त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी पृष्ठभाग गोठू शकतो आणि फटींतले पाणी कणांना एकमेकांशी जखडून टाकते. हे चक्र काही दिवस सलग चालले की बारीक कण नाहीसे होतात आणि मोठे, गोलसर दाणे उरतात. सकाळी हे दाणे घट्ट बांधलेले असल्यामुळे उतार कडक आणि निसरडा असतो. ऊन वर आल्यावर वरचा एक-दोन सेंटिमीटरांचा थर सुटा होतो, पण खालचा पाया कडकच राहतो. या अवस्थेतील बर्फाला स्कीपटू ‘कॉर्न स्नो’ म्हणतात आणि जाणकार मंडळी वसंतात केवळ त्याच्यासाठी डोंगरावर येतात. पुढे पाणी खोलवर झिरपते, पाया ढिला पडतो, आणि दुपारी उरतो तो जड, रबरबीत ‘स्लश’.

या साऱ्याची किल्ली रात्रीच्या आकाशाकडे आहे. ढग असतील तर वर जाणारी उष्णता ते पुन्हा खाली पाठवतात, बर्फ गोठतच नाही, आणि सकाळी आठ वाजताही दुपारचाच बर्फ मिळतो. म्हणून ‘आज ऊन आहे का’ या प्रश्नाआधी ‘काल रात्री आकाश मोकळे होते का’ हा प्रश्न विचारावा. स्थानिक प्रशिक्षकाला चहा घेता घेता ‘रात को जमा क्या?’ एवढे विचारले तरी त्या दिवसाचा निम्मा आराखडा ठरतो.

उताराची दिशाही तितकीच महत्त्वाची असते. पूर्वेकडे तोंड असलेला उतार सर्वांत आधी मऊ होतो, मग दक्षिणेकडचा, त्यानंतर पश्चिमेकडचा. उत्तरेकडचा उतार कधी कधी दिवसभर कडकच राहतो. ज्याला एकाहून अधिक उतार उपलब्ध आहेत त्याने सूर्यामागून फिरावे, म्हणजे दोन तासांची संधी साडेतीन तासांपर्यंत ताणता येते. घड्याळाच्या बाबतीत बेळगावकरांची एक सोय आहे. बेळगाव आणि गुलमर्ग ही दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखांशावर, म्हणजे सुमारे ७४.५ अंश पूर्वेला आहेत, त्यामुळे सूर्य दोन्हीकडे एकाच वेळी माथ्यावर येतो: मार्च-एप्रिलमध्ये साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान. घरी कोणत्या वेळी ऊन चटके देऊ लागते याचा आपला अंदाज तेथे तसाच वापरता येतो. मनालीत मध्यान्ह दहा-बारा मिनिटे आणि औलीत सुमारे वीस मिनिटे आधी होते.

ठिकाण आणि तारीख ठरवणे

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गंडोलाचा (दोरावरून वर जाणाऱ्या बंद डब्यांचा) पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळपास ३,९५० मीटरपर्यंत जातो. मार्चमध्ये खालच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवर शिकता येते. एप्रिल उजाडला की तेथील बर्फ विरळ होत जातो आणि उरलेला बर्फ वर सरकतो. वर गेले म्हणजे चांगला बर्फ मिळेल हे खरे असले तरी अफरवटचा उतार नवशिक्याचा नाही. गंडोलाचे तिकीट काढता येते याचा अर्थ तेथून खाली उतरता येईल असा होत नाही.

मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ टिकला तर नशीब. मनाली येथील अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे अभ्यासक्रम हिवाळ्यातच होतात, म्हणून ज्याला पद्धतशीर शिकायचे आहे त्याने रजेची जुळवाजुळव वर्षभर आधी करावी. उत्तराखंडातील औलीचे उतार शिकण्यास उत्तम आहेत; परंतु जोशीमठात जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तेथील रोपवे बंद करण्यात आला, त्यामुळे रस्त्याने वर जाण्याची तयारी ठेवून आधी चौकशी करावी. मे महिन्यातल्या प्रवाशांच्या वाट्याला येते ते रोहतांग. ही खिंड ३,९७८ मीटरवर आहे, वाहनाला परवाना लागतो, आणि भाड्याचा अंगरखा व भाड्याची स्की घेतलेली शेकडो माणसे भर दुपारी एकाच पट्ट्यावर घसरत असतात. याला स्कीइंग शिकणे म्हणणे कठीण आहे; पण जायचेच असेल तर पहाटे निघून सकाळी लवकर पोहोचावे आणि गर्दी वाढू लागली की परतावे.

बेळगावाहून गोवा एक्स्प्रेसने थेट हजरत निजामुद्दीनला उतरता येते आणि पुढे मनालीची बस किंवा श्रीनगरचे विमान पकडता येते. ते करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे गावोगावी निवृत्त जवान आहेत आणि त्यांतील कित्येकांनी बर्फात वर्षे काढली आहेत. लष्कराची गुलमर्ग येथील उंच पर्वतीय युद्धशाळा १९४८ मध्ये स्की प्रशिक्षणाची शाळा म्हणूनच सुरू झाली होती. अशा एखाद्या काकांना ओले मोजे, उन्हाने सोललेले नाक आणि दुपारचा बर्फ यांविषयी विचारले तर दुकानदारापेक्षा खरी माहिती मिळते.

घरची तयारी

ओल्या बर्फात सर्वांत आधी थकतात त्या मांड्या. उतारावर स्नायू आखडत नाही. तो भाराखाली हळूहळू लांबत जातो, आणि या प्रकारचे काम सपाट रस्त्यावर चालून किंवा धावून अंगवळणी पडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे उतरण्याचा सराव करावा. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा आपल्या गावाजवळची कोणतीही टेकडी चालेल. चढताना हवे तितके थांबावे, उतरताना मात्र गुडघे किंचित वाकवलेले ठेवून, टाच न आपटता, मुद्दाम सावकाश उतरावे. घरी अर्ध्या बैठकीच्या अवस्थेत भिंतीला पाठ न टेकता थांबण्याचा आणि एका पायावर डोळे मिटून तोल सांभाळण्याचा सराव पुरतो. बेळगावात रोलर स्केटिंग करणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांना तोल आणि वजन सरकवणे लवकर जमते, परंतु पाय बाहेर रेटून वेग घेण्याची सवय स्कीवर आडवी येते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडचा माणूस थंडीला घाबरून लोकरीचे ढीग नेतो, आणि एप्रिलमध्ये त्रास होतो तो ओलाव्याचा. जाड जॅकेटपेक्षा पाणी आत न येऊ देणारी विजार अधिक महत्त्वाची आहे, कारण नवशिक्याचा बराच वेळ बसलेल्या किंवा पडलेल्या अवस्थेत जातो. आतून सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवते. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. पायात एकच पातळ, उंच लोकरी मोजा घालावा. दोन मोजे घातले की त्यांच्यात घडी पडते आणि बुटाच्या आत ती घडी तासाभरात फोड आणते.

उन्हाकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महाग पडते. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते, आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो. जुना, मळका बर्फ कमी फेकतो, पण तोही पुरेसा असतो. म्हणून सनस्क्रीन कपाळाला लावण्याबरोबरच नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली आणि कानांच्या मागेही लावावे, आणि अतिनील किरण पूर्ण अडवणारा चष्मा किंवा गॉगल ढगाळ दिवशीही काढू नये. डोळे भाजले तर ते तेव्हा कळत नाही; काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते आणि पुढचा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरून थेट अडीच हजारांच्या वर जात असतो, म्हणून पोहोचल्याचा पहिला दिवस स्कीशिवाय काढावा आणि पाणी भरपूर प्यावे.

भाड्याची साधने पारखून घेणे

बूट घालून उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटावीत. टाच मात्र अजिबात उचलली जाऊ नये. स्कीवरचा, बूट पकडणारा भाग म्हणजे बायंडिंग. त्याची ताकद वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. दुकानदाराने हे काहीच न विचारता स्की हातात दिली तर दुसरे दुकान पाहावे. बायंडिंग सैल केले म्हणजे सुरक्षित, असे नाही. वळणाच्या मध्येच स्की सुटली तर तीही दुखापत करते.

आता मेणाविषयी. स्की बर्फावर घसरते ती दोहोंमधल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरामुळे. वसंतात पाणी गरजेपेक्षा फार जास्त होते, आणि तळ व ओला बर्फ एकमेकांना ओढून धरतात. उपाय दोन आहेत: तळावर पाणी वाहून जाण्यासाठी जरा खोल रेषा असणे आणि उबदार बर्फासाठीचे मेण लावणे. अनेक कंपन्या हे मेण पिवळ्या रंगात विकतात. भाड्याच्या स्कीवर बहुधा कोरडा, पांढरट पडलेला तळ दिसतो. तो दाखवून ‘गरम बरफ का वैक्स लगा दो’ असे स्पष्ट सांगावे आणि त्यासाठी चार पैसे अधिक पडले तरी द्यावेत. फ्लोरिनयुक्त मेणे कोणी देऊ केली तर नाकारावीत. पर्यावरणास घातक म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांवर पूर्ण बंदी घातली आहे, आणि शिकणाऱ्याला त्यांची गरजही नाही.

सकाळची चाचणी

उताराच्या पायथ्याशी स्की न लावता उभे राहावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. बुटाची टाच बर्फावर आपटून ठसा उमटत नसेल तर अजून थांबायचे आहे. टाच दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन खाली कडक तळ लागत असेल तर तीच वेळ साधायची आहे. बूट घोट्याच्या वर रुतत असेल तर त्या दिवशी तीव्र उताराकडे वळूनही पाहू नये. स्की पोल (हातातली टोकदार काठी) टोचूनही हीच परीक्षा करता येते, पण पायाचा अंदाज अधिक भरवशाचा.

थांबणे हे येथले पहिले कौशल्य आहे. दुरून आलेल्या माणसाला सकाळचा तास वाया गेल्यासारखा वाटतो आणि तो कडक उतारावर घाईने चढतो. तेथे स्कीची कड धरत नाही, एकदा घसरले की थांबता येत नाही, आणि दिवसाची सुरुवातच भीतीने होते. तो तास पायथ्याच्या सपाटीवर सरकत चालणे, आडव्या पावलांनी चढणे आणि पडून उठणे यांसाठी वापरावा.

उभे राहणे आणि वळणे

दोन्ही पायांत कमरेइतके अंतर ठेवावे. घोटे, गुडघे आणि कंबर तिन्ही ठिकाणी थोडे थोडे वाकावे. केवळ कंबरेतून वाकणे ही नवशिक्याची सर्वांत सार्वत्रिक सवय आहे आणि ती मोडायला वेळ लागतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला हलकेच टेकलेली राहावी, हात पुढे आणि नजरेच्या टप्प्यात असावेत. ओला बर्फ समोर दिसला की शरीर आपोआप मागे झुकते, कारण स्कीची टोके रुततील अशी भीती वाटते. प्रत्यक्षात मागे झुकल्यावर टोके हलकी होऊन वळेनाशी होतात, भार मांड्यांवर येतो आणि दहा मिनिटांत पाय थरथरू लागतात. वजन पायाच्या मध्यावर ठेवावे, ना बोटांवर ना टाचेवर.

कडक बर्फावर वळणाच्या बाहेरच्या स्कीवर जवळजवळ सारा भार द्यावा असे शिकवतात, आणि तेथे ते योग्यच आहे. मऊ बर्फात मात्र तसे केले की भारावलेली स्की खोल जाते, हलकी स्की वर तरंगते आणि दोहोंची दिशा फाटते. खानापूर भागात चिखलणी झालेल्या वाफ्यात रोप लावताना एकाच पायावर सारा भार टाकणारा माणूस रुततो, आणि दोन्ही पायांवर भार वाटून, पाय हिसका देऊन न उपसता सरकणारा पुढे जातो. ओल्या बर्फात स्कीवर हेच करायचे असते. बाहेरच्या स्कीवर थोडा जास्त आणि आतल्या स्कीवर थोडा कमी, पण दोन्हींवर निश्चित भार हवा. दोन्ही स्की नेहमीपेक्षा थोड्या जवळ ठेवाव्यात, म्हणजे त्या मिळून एकच रुंद आधार तयार करतात.

नवशिक्या प्रथम स्नोप्लाऊ शिकतो: टोके जवळ, शेपट्या (स्कींची मागची टोके) दूर, आणि आतल्या कडांनी बर्फ ढकलत वेग रोखणे. वसंतात हा आकार नेहमीपेक्षा अरुंद ठेवावा आणि कडा कमी टेकवाव्यात. रुंद आकार केला तर प्रत्येक स्कीसमोर बर्फाचा ढीग साचतो, ती जागच्या जागी अडकते आणि शरीर मात्र पुढे जात राहते. शिवाय ओला बर्फ स्वतःच वेग खातो. त्यामुळे ब्रेक लावण्याची गरज थंडीतल्यापेक्षा कमी असते, हे ध्यानात घेतले की पाय आपोआप सैल होतात.

वळण घेताना घाई नको. वळायचे ठरले की आधी किंचित उंच व्हावे, जुन्या कडा सोडाव्यात, आणि स्कींची टोके आपल्या आपण उताराच्या सरळ रेषेकडे वळू द्यावीत. या क्षणी वेग थोडा वाढतो आणि नवशिक्याचा धीर सुटतो. तो शेपट्या झटक्याने फिरवतो आणि ओला बर्फ त्या झटक्याला दाद देत नाही. म्हणून मनात एक-दोन-तीन मोजत वळण गोल करावे. कडेचा कोन सुरुवातीला अगदी थोडा ठेवून हळूहळू वाढवावा, पायांचा दाब एकदम न देता क्रमाने द्यावा, आणि वेग कमी करायचा तो वळण पूर्ण करून, स्की जवळपास आडव्या होईपर्यंत नेऊन. वेगाचे नियंत्रण वळणाच्या आकारात आहे, कडेच्या ताकदीत नाही, हे या बर्फावर जितक्या लवकर पटते तितके अन्य कोठे पटत नाही.

अकरा-साडेअकरानंतर इतरांच्या स्कींनी ढकललेल्या बर्फाचे ढिगारे तयार होतात. त्यांना टाळत वाकडेतिकडे जाऊ नये. कमरेच्या वरचे शरीर स्थिर ठेवून ढिगाऱ्यावर गुडघे दुमडू द्यावेत आणि पलीकडे उतरताना पाय लांब करावेत. वळण सुरू करायला ढिगाऱ्याचा माथा उत्तम, कारण तेथे स्कीची टोके आणि शेपट्या हवेत मोकळ्या असतात आणि फिरवायला जोर लागत नाही.

सावलीच्या कडेविषयी वेगळे सांगायला हवे. देवदारांच्या सावलीतला बर्फ कडक आणि वेगवान असतो, लगतच्या उन्हातला चिकट असतो, आणि सावलीतून उन्हात शिरताच स्कींना कोणीतरी धरल्याचा भास होऊन माणूस तोंडावर जातो. अशी कड समोर दिसली की वळण आधीच पूर्ण करून सरळ जावे, एक पाय वितभर पुढे सरकवावा आणि गुडघे थोडे अधिक वाकवावेत. पुढे-मागे लांब झालेला आधार तो धक्का पचवतो. सपाट भागाकडे जातानाही हीच युक्ती कामी येते. ओल्या सपाटीवर एकदा थांबलो की पुन्हा निघणे कष्टाचे असते, म्हणून सपाटी येण्यापूर्वी वेग राखून ठेवावा आणि मध्येच छायाचित्रासाठी थांबू नये.

पडणे आणि उठणे

पडायची वेळ आलीच तर डोंगराच्या बाजूला, कुशीवर पडावे आणि घसरणे थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. जड बर्फातले धोकादायक पडणे वेगातले नसते. हळू वेगात एक स्की रुतते, शरीर तिच्याभोवती फिरते, आणि पुरेसा जोर न लागल्यामुळे बायंडिंग सुटत नाही; गुडघ्याचे अस्थिबंध अशा वेळी दुखावतात. म्हणून स्की रुतल्याचे जाणवताच उभे राहण्याचा हट्ट सोडून लगेच खाली बसावे. उठताना स्की उताराला आडव्या कराव्यात. पाय अडकलाच असेल तर बायंडिंगचा मागचा भाग पोलने दाबून स्की काढावी, आणि परत लावताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ पूर्ण खरवडावा. हा थर राहिला तर बूट नीट बसत नाही आणि पुढच्याच वळणाला स्की निखळते.

थांबण्याची वेळ

किती फेऱ्या करायच्या हे आदल्या रात्री ठरवू नये, कोणत्या वेळी थांबायचे ते ठरवावे. मध्यान्हापूर्वी उतार सोडणे हा नवशिक्यासाठी चांगला नियम आहे. दोन दिवसांचा प्रवास, भाडे, प्रशिक्षकाचे शुल्क यांचा हिशेब मनात सुरू झाला की ‘आणखी एक फेरी’ काढावीशी वाटते. नेमकी त्या फेरीत मांड्या थकलेल्या असतात, बर्फ सर्वांत जड असतो आणि लक्ष जेवणाकडे असते. सलग दोन वळणे ठरवलेल्या जागी न जमणे ही थकव्याची खात्रीची खूण समजावी.

थकव्याहून मोठे कारण हिमस्खलनाचे आहे. पाणी मुरलेल्या तीव्र उतारावरचा बर्फ दुपारी आपल्या वजनाने सुटू शकतो. वरून आपोआप घरंगळत येणारे बर्फाचे गोळे, नव्याने पडलेल्या भेगा, चालताना गुडघ्यापर्यंत रुतणारे पाय, किंवा रात्रभर न गोठलेला बर्फ, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तीव्र उतार आणि त्याच्या पायथ्याची जागा दोन्ही सोडावीत. सौम्य उतारावर शिकणाराही वरच्या तीव्र उताराच्या टप्प्यात असू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. थंडीतली स्खलने वेगळ्या कारणांनी होतात, पण गुलमर्गचा इतिहास विसरू नये: फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. संरक्षण खात्याची चंडीगड येथील डी.जी.आर.ई. ही संस्था हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते. तो रोज सकाळी पाहावा, आणि स्थानिक गस्ती पथकाने उतार बंद केला असेल तर त्याविषयी वाद घालू नये.

दुपारची कामे

उतारावरून परतल्यावर स्कीच्या धातूच्या कडा कोरड्या कापडाने पुसाव्यात, नाहीतर एका रात्रीत गंज चढतो आणि दुसऱ्या सकाळच्या कडक बर्फावर कड धरत नाही. बुटांचे आतले अस्तर बाहेर काढून हवेशीर जागी ठेवावे. बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) अगदी जवळ ठेवल्यास ते आकसते. बुटाचे बकल मात्र सैल लावून ठेवावेत, म्हणजे प्लास्टिकचा आकार बिघडत नाही. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बाहेर येऊन आकाश पाहावे आणि दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ प्रशिक्षकाला कळवावी. शेवटच्या दिवशी साधने परत करताना स्कीच्या तळावरचे ओरखडे दुकानदाराबरोबर पाहून घ्यावेत. वसंतात बर्फ पातळ झाल्यामुळे दगड वर येतात, आणि अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद त्या ओरखड्यांचे असतात, म्हणून भाड्याने घेतानाच तळाचे एक छायाचित्र काढून ठेवलेले बरे.